खून कुणाला हवा होता? रहस्यकथेतल्या संशयितांचे हेतू तोलण्याची पद्धत

रहस्यकथा लिहिताना खून कसा झाला यावर लेखक खूप डोकं चालवतो. कुलूप, जिना, वेळ, फोनचं लोकेशन सगळं जुळवतो. खून का झाला हे मात्र एका शब्दात उरकलं जातं: इस्टेट. कथा फसते ती बहुतेक इथेच. शेवटच्या पानावर खुनी सापडतो, पण वाचकाच्या मनात येतं, ‘एवढ्यासाठी कुणी माणूस मारतं का?’ हा प्रश्न एकदा आला की मागची सगळी मेहनत पाण्यात जाते.

म्हणून कथेचं पहिलं पान लिहिण्याआधी प्रत्येक संशयिताचा हेतू वजन करून घ्यावा. ‘याचा मृतावर राग होता का’ एवढंच विचारून भागत नाही. राग अर्ध्या नागपूरचा उरलेल्या अर्ध्यावर असतो. विचारायचं ते हे: हा माणूस मेल्याने नेमकं काय बदलतं, आणि ते आजच बदलायला कुणाला हवं आहे?

पद्धत हवेत राहू नये म्हणून एक काल्पनिक प्रकरण घेऊ. नागपूरच्या महाल भागात जुना वाडा. मालक अण्णा, वय ६८, कळमना मार्केटमध्ये संत्र्याचे आडते. लक्ष्मीपूजनाच्या रात्री, फटाक्यांचा आवाज टिपेला असताना, वाड्याच्या मागच्या दगडी जिन्याखाली ते मेलेले सापडतात. डोक्याला मार. पाय घसरला असावा असं आधी वाटतं. मृतदेह मेयो या सरकारी रुग्णालयात जातो आणि तिथे कळतं की पडण्याआधी झटापट झाली होती. घरात पत्नी आहे, शिवाय सोबत राहून दुकान पाहणारा पुतण्या. एकुलती मुलगी आणि जावई पुण्याहून दिवाळीला आलेले. बाहेरचे तिघे: ३० वर्षं वह्या सांभाळणारे मुनीमजी, बेसा रोडच्या ले-आऊटमधला भागीदार, आणि काटोलकडचा एक बागायतदार, ज्याची बाग अण्णांनी इसार देऊन नंतर सोडून दिली होती.

सात-आठ हजार शब्दांच्या कथेला पाच संशयित भरपूर झाले. सहावा आला की कुणाचाच हेतू नीट मांडायला जागा उरत नाही. तीनच ठेवले तर वाचक नुसत्या अंदाजानेही खुन्यावर बोट ठेवतो. आपल्या उदाहरणात पत्नीला आणि मुलीला संशयित धरलेलं नाही, पण त्यांच्याबद्दलचा प्रश्न वाचकाच्या मनात येणारच. त्याचं उत्तर एका परिच्छेदात, लवकर देऊन टाकावं.

मरणाने काय बदलतं

या पहिल्या प्रश्नावर सगळ्यात जास्त वेळ द्यावा, कारण इथे लेखकाचा कायद्याशी संबंध येतो आणि मराठी रहस्यकथांतले सगळ्यात मोठे घोटाळेही इथेच होतात.

पुतण्यापासून सुरुवात करू. वाचकाला तो पहिला संशयित वाटणार: एकत्र राहतो, दुकान चालवतो, ‘सगळं त्याचंच तर आहे’ असं गल्लीत बोललं जातं. आता हिंदू वारसा कायदा, १९५६ उघडा. मृत्युपत्र नसेल तर पुरुषाची स्वकष्टार्जित मिळकत आधी पहिल्या वर्गातल्या वारसांकडे जाते, म्हणजे पत्नी, मुलगे, मुली, आई वगैरे. भावाचा मुलगा दुसऱ्या वर्गात येतो, तोही खाली. पहिल्या वर्गातलं एकही माणूस हयात असेल तर दुसऱ्या वर्गाला दमडी मिळत नाही. इथे पत्नी आणि मुलगी आहेत, त्यामुळे आडतीतून कमावलेल्यातलं अर्धं पत्नीचं, अर्धं मुलीचं. वाडा वडिलोपार्जित आणि अजून न वाटलेला असेल, तर त्यात पुतण्याला वडिलांकडून आलेला हिस्सा आधीपासूनच आहे. त्यासाठी त्याला काकांचा जीव घ्यायची गरज नाही, वाटपाचा दावा पुरे. म्हणजे अण्णा गेल्याने पुतण्याला नवीन काही मिळत नाही. उलट काकू आणि चुलतबहीण दुकान विकायचं म्हणाल्या तर तो रस्त्यावर येतो.

भागीदाराचंही तसंच. दोघांचीच भागीदारी असेल तर एकाच्या मृत्यूने फर्म संपते आणि उरलेल्याला वारसांना हिशेब द्यावा लागतो. ले-आऊटला नागपूर सुधार प्रन्यासचं मंजुरीपत्र यायचं बाकी आहे आणि कागदांवर दोघांच्या सह्या लागणार आहेत, अशा वेळी अण्णा मेले तर त्याचे प्लॉट विकायचे आणखी लांबतात. मार्केटमध्ये चारचौघांत त्याचं अण्णांशी कडाक्याचं भांडण झालं होतं, हे खरं. पण भांडण वेगळं आणि मरणातला फायदा वेगळा.

अशा आणखी काही गोष्टी हाताशी ठेवाव्यात, कारण त्यांवर कथा उभी राहते किंवा कोसळते:

आममुख्त्यारपत्र (पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी) देणारा मेला की ते मुख्त्यारपत्रही सहसा संपतं. मुख्त्यारपत्राच्या जोरावर जमिनी विकणाऱ्याला मालक जिवंत हवा असतो. त्यालाच खुनी केलं तर वकील असलेला पहिला वाचक पुस्तक मिटवून ठेवील.

कर्ज देणारा मेल्याने कर्ज बुडत नाही, वारस ते वसूल करू शकतात. मात्र हातउसने दिलेले पैसे, ज्यांची कुठे नोंद नाही, ते देणाऱ्याबरोबरच जातात. वीस हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीत कर्जाऊ घ्यायला आयकर कायद्याची मनाई आहे. त्यामुळे मोठी रोख उसनवारी लोक कागदावर आणत नाहीत. रहस्यकथेसाठी ही जागा फार कामाची आहे.

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. सोसायटीतल्या फ्लॅटवर किंवा शेअर्सवर नॉमिनी म्हणून नाव असलं तरी हक्क वारसांचाच राहतो. ‘नॉमिनीत माझं नाव आहे’ एवढ्यावर खून करणारं पात्र चालेल, पण मग ते पात्र कायद्याच्या अज्ञानातून खून करतं आहे हे लेखकाला ठाऊक असायला हवं.

मृत्युपत्राला नोंदणी लागत नाही, दोन साक्षीदार लागतात, आणि शेवटचं असेल ते लागू होतं. ‘उद्या मृत्युपत्र बदलणार होते’ हा हेतू वापरून वापरून झिजला आहे. वापरायचाच असेल तर त्याला नवी बाजू हवी.

आणि खून करणाऱ्याला मृताचा वारसा मिळत नाही. हे त्याच १९५६ च्या कायद्याचं कलम २५. म्हणजे वारशासाठी खून करणाऱ्याला, पकडलं गेलो तर तुरुंग आणि मिळकतही नाही, एवढा धोका पत्करावा लागतो.

त्याला काय वाटत होतं

माणूस खून करतो तो स्वतःच्या समजुतीवर, कायद्याचं पुस्तक उघडून नव्हे. म्हणून दुसरा प्रश्न: मरणाने आपलं काय होईल असं त्याला वाटत होतं, आणि ते त्याला कुठून कळलं?

पुतण्याला खरंच वाटत असेल की सगळं आपलंच, तर त्याचं वजन पुन्हा वाढतं. त्याला निर्दोष ठेवायचं असेल तर त्याला खरी परिस्थिती ठाऊक होती हे दाखवावं लागेल. त्याच्या ड्रॉवरमध्ये सहा महिन्यांपूर्वीची वकिलाची पावती ठेवा. धरमपेठेतल्या वकिलाकडे जाऊन त्याने वाटपाबद्दल विचारलं होतं, एवढं तिच्यावरून कळलं तरी पुरे. गंमत म्हणजे ही पावती वाचकाला आधी उलटच वाटेल: बघा, याचा इस्टेटीवर डोळा होताच. शेवटी तीच पावती त्याला सोडवते.

जावयाचं उलट. मुलीने लग्नानंतर अण्णांना हक्कसोडपत्र लिहून दिलं होतं, घरात सगळ्यांना माहीत आहे. त्यामुळे घरचे म्हणतात, जावईबापूंना यातून काय मिळणार? पण वडील हयात असताना त्यांच्या स्वकष्टार्जित मिळकतीवरचा वारसाहक्क कुणी आगाऊ सोडून देऊ शकत नाही. पुढे वारसा मिळेल ही नुसती शक्यता असते, आणि मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ६ प्रमाणे अशी शक्यता हस्तांतरित होत नाही. ते कागद सहसा टिकत नाहीत. जावयाला हे ठाऊक आहे की नाही? लेखकाने ठरवून टाकावं आणि वहीत लिहून ठेवावं. आपल्या प्रकरणात ठाऊक नाही असं धरू, कारण त्याचा खरा हेतू दुसरीकडेच आहे.

प्रत्येक समजुतीला उगम हवा: कुणी सांगितलं, कोणता कागद पाहिला, कोणतं बोलणं दाराआडून ऐकलं. उगम नसलेली समजूत शेवटी लेखकाने खिशातून काढल्यासारखी दिसते.

आजच का

जुन्या वैराला वजन कमी असतं. बागायतदाराची बाग अण्णांनी दोन वर्षांपूर्वी सोडली. झाडावरचा माल ठरवून घ्यायचा, इसार द्यायचा आणि फळगळ झाली की भाव पाडायचा किंवा हात झटकायचे, असा तो व्यवहार. माणूस दुखावला हे खरं. पण दोन वर्षं थांबलेला माणूस लक्ष्मीपूजनाच्या रात्रीच का आला? याला उत्तर नसेल तर तो संशयित कथेत नुसता गर्दीला उभा राहतो. उत्तर द्यायचं तर घटनेच्या आधीच्या सात-आठ दिवसांत काहीतरी घडलेलं हवं. समजा, त्याच आठवड्यात अण्णांनी शेजारच्या शिवारातली बाग चढ्या भावाने घेतली आणि ते त्याच्या कानावर गेलं.

नागपूरचं वर्ष अशा ठिणग्यांनी भरलेलं आहे, त्याचा उपयोग करावा. संत्र्याच्या आंबिया बहाराचा माल साधारण ऑक्टोबर ते डिसेंबर निघतो, मृग बहाराचा फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास. या दिवसांत आडत्याच्या हातात रोकड असते आणि देणेकरी दारात. डिसेंबरात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन येतं. तेव्हा अडकलेल्या जमिनींच्या फायली घेऊन माणसं मंत्र्यांना गाठायला येतात आणि बंदोबस्तात गुंतलेल्या पोलिसांचे हात अपुरे पडतात. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी मारबतीची मिरवणूक निघते आणि इतवारी-महालाच्या गल्ल्या गच्च भरतात. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसतं आणि कूलरच्या घरघरीत शेजारचं बोलणंही ऐकू येत नाही. पण गर्दी आणि आवाज या संधीच्या गोष्टी झाल्या. हेतूची तारीख त्यांच्याशी जुळली तरच त्या कामाच्या.

आपल्या कथेत ही हेतूची तारीख लक्ष्मीपूजनानंतरच्या दिवाळी पाडव्याची आहे. पाडव्याला जुन्या वह्या मिटतात, नव्या सुरू होतात. मुनीमजींनी रोजकीर्दीत, म्हणजे रोजच्या नोंदींच्या वहीत, घातलेले घोळ खतावणी (खात्यांची वही) जुळवताना उघडे पडणार, म्हणून ‘आजच का’ या प्रश्नावर त्यांचं पारडं जड दिसतं. आणि पाडव्याला मुलगी वडिलांना ओवाळते, नवऱ्यालाही ओवाळते. त्या दिवशी अण्णा लेकीशी एकांतात काही बोलणार होते. काय, ते पुढे.

दुसरी वाट होती का

खून हा फार महाग उपाय आहे. तेच काम पैसे, माफी, पळ, कोर्ट, खोटं बोलणं किंवा नुसतं थांबणं यांतून होत असेल तर शहाणं पात्र आधी ते करून पाहील. भागीदाराला दिवाणी दावा होता. मुनीमजींना राजीनामा होता, पाया पडणं होतं. ३० वर्षांच्या माणसाला अण्णांनी बहुधा पोलिसांत दिलं नसतं. शिवाय मुनीमजींना एक गोष्ट दुसऱ्या कुणाहीपेक्षा चांगली ठाऊक आहे: मालक मेला की दुसऱ्याच दिवशी वारस वह्या उघडायला लावतात. जिवंत अण्णांपेक्षा मेलेले अण्णा त्यांना जास्त धोक्याचे. अफरातफर करणाऱ्याने मालकाचा खून केला अशा कथा भरपूर आहेत, आणि त्यांतल्या पुष्कळ इथेच लंगड्या पडतात. त्यांना वाचवायचं तर खुन्याने वह्याही नाहीशा करायला हव्यात, आणि त्या कथेत दिसायला हव्यात.

खुन्याच्या बाबतीत मात्र प्रत्येक वाट लेखकाने आपल्या हाताने बंद करावी. वाचकाला ‘अरे, याने नुसतं सांगून टाकलं असतं तर?’ असं वाटायला नको. आपला जावई पुण्यात यशस्वी व्यावसायिक म्हणून मिरवतो. फ्लॅट स्वतःच्या कमाईतून घेतला असं त्याने बायकोला सांगितलं आहे. प्रत्यक्षात १८ लाख अण्णांनी रोख, बिनकागदाचे दिले आणि अटही घातली: एक वर्षात परत, नाहीतर लेकीला मी सांगणार. वर्ष पाडव्याला संपतं. त्याने मुदत मागून पाहिली, अण्णांनी नाही म्हटलं. मित्राकडून उचलायला गेला, मिळाले नाहीत. बायकोला आधीच सांगायची हिंमत त्याच्यात नाही, आणि का नाही हे मागे आलेल्या एका प्रसंगातून वाचकाला कळलेलं आहे.

बघा, इथे रकमेला फारसं वजन नाही. १८ लाखांसाठी तो खून करत नाही. बायकोसमोर उघडं पडू नये म्हणून करतो. मिळवण्यापेक्षा गमावण्याच्या भीतीचा हेतू कथेत जास्त टिकतो, कारण लोभी माणूस थांबू शकतो, घाबरलेल्याला तारीख थांबू देत नाही.

स्वभाव आणि हात

हेतू आणि खुनाची पद्धत एकाच माणसाची वाटली पाहिजेत. संतापाच्या भरातला खून हाताला लागेल त्याने होतो, मागे पसारा राहतो. फायद्यासाठी ठरवून केलेल्या खुनाला तयारी असते, अपघाताचा देखावा असतो. आपल्याकडे जिन्यावरची ढकलाढकल आहे, म्हणजे आधीची तयारी नाही. पण नंतर एका डायरीचं पान नेमकं फाडलं गेलं, म्हणजे डोकं शांत होतं. विनवायला गेलेला, नाही ऐकून घाबरलेला आणि मग सावरलेला माणूस या खुणांत बसतो. तापट भागीदार बसत नाही. तो ओरडला असता आणि सारा वाडा जागा झाला असता.

पारडं मांडणं

आता प्रत्येकाला पाचही प्रश्नांवर ० ते ३ गुण द्या. जास्तीत जास्त १५. मात्र एकाच वहीत दोन रकाने करा: कथेच्या साठ टक्क्यांवर वाचकाला दिसणारं वजन, आणि खरं वजन. हा दुसरा रकाना बरेच लेखक मांडतच नाहीत.

पुतण्या: दिसणारं १२, खरं ४. मुनीमजी: ११ आणि ६. भागीदार: ९ आणि ४. बागायतदार: ७ आणि ३. जावई: दिसणारं ५, खरं १३.

जावयाचे पाच गुण असे आले: बदल ०, समजूत १, आजच का १, दुसरी वाट १, स्वभाव २. खरे गुण ३, ३, ३, २ आणि २. पहिल्या तीन प्रश्नांत दोन किंवा जास्त गुणांचा फरक आहे, चौथ्यात एकाचा, पाचव्यात काहीच नाही. नियम साधा: जिथे दोन किंवा जास्त फरक तिथे दोन खुणा, जिथे एक तिथे एक. म्हणजे सात खुणा. सात हजार शब्दांच्या कथेत त्या पहिल्या पाच हजारांत पेरून झाल्या पाहिजेत. शेवटच्या तीस टक्क्यांत नवी खूण आणू नये. आणली तर वाचकाला आपण फसवलो गेलो असं वाटतं, आणि ते बरोबरच असतं.

खुन्याचं दिसणारं वजन सगळ्यांत जास्त असू नये हे उघड आहे, पण सगळ्यांत कमीही फार वेळ ठेवू नये. सराईत वाचक सर्वांत निरुपद्रवी माणसालाच धरतो. वर जावई ५ वर तळाशी आहे. त्यामुळे मध्येच हक्कसोडपत्र टिकत नाही हे एखाद्या वकिलाच्या तोंडून येऊ द्यावं. वजन तात्पुरतं ८ वर जाईल. मग तपास अधिकाऱ्याला कळेल की जावयाला ते ठाऊकच नव्हतं, आणि ते पुन्हा खाली येईल. वाचकाने त्याला एकदा तपासून बाजूला ठेवलं, की पुन्हा उचलायचं त्याच्या मनात सहजी येत नाही.

सर्वांत चांगली खूण ती, जी दिसायला एकाच्या पारड्यात पडते आणि असते दुसऱ्याच्या. डायरीचं पान तसं आहे. अण्णांच्या सदऱ्याच्या खिशात लहान डायरी असे, तिच्यात दुकानाच्या वह्यांत न जाणाऱ्या गोष्टी. ती सापडते, एक पान फाटलेलं. त्याच्या खालच्या पानावर पेनचा दाब उमटला आहे: ‘जा. १८ – तोंडी – पाडवा’. कोतवाली ठाण्याचा निरीक्षक मुनीमजींना विचारतो:

“ही डायरी कोण पाहायचं?”

“कोणीच नाही, साहेब. किल्ली न् डायरी अण्णांजवळच राहे.”

“मग हे ‘जा.’ म्हणजे काय?”

“जावक असंल. मालाची जावक लिहायची पद्धत आहे आपली.”

मुनीमजी खरं तेच बोलताहेत. आवक-जावकेच्या जगात ३० वर्षं काढलेल्या माणसाला ‘जा.’चा दुसरा अर्थ सुचत नाही. वाचकाला वाटतं, १८ गाड्या माल नोंदीविना बाहेर गेला, मुनीमजींनीच पान फाडलं. पण जावकेला ‘तोंडी’ कशाला लिहील कुणी? तो शब्द तिथे सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहे. दुसरी खूण मुलीच्या तोंडून, सहज, आठवणीच्या ओघात आलेली: “बाबा फोनवर म्हणाले, पाडव्याला ओवाळून झालं की थोडं बस माझ्याजवळ, तुझ्याशीच बोलायचं आहे.” इथे वाचक हळवा होतो आणि पुढे जातो. खूण लपवायला भावना फार उपयोगी पडते, फक्त ती खोटी नको. अण्णांना लेकीची काळजी होतीच.

तपास करणाऱ्याच्या बाजूने

कथेतला पोलीस हेतूकडे कसा पाहतो, हेही नीट असावं. भारतीय साक्ष अधिनियमात कलम ६ प्रमाणे हेतू, तयारी आणि वागणूक या सुसंगत बाबी आहेत. जुन्या १८७२ च्या कायद्यात हेच कलम ८ होतं. १ जुलै २०२४ नंतरच्या कथेत नवा कायदा आणि खुनाला भारतीय न्याय संहितेचं कलम १०३ लिहा, आधीच्या कथेत भारतीय दंड विधानाचं (भादंवि) कलम ३०२. जुना हवालदार बोलताना अजूनही ‘तीनशे दोन’च म्हणेल, तसं म्हणू द्यावं.

प्रत्यक्ष पाहणारा साक्षीदार असेल तर हेतू सिद्ध झाला नाही तरी खटला उभा राहतो. सगळं परिस्थितीजन्य पुराव्यावर असेल तर हेतू साखळीतली मोठी कडी ठरतो. १९८४ साली महाराष्ट्रातल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने परिस्थितीजन्य पुराव्याच्या पाच कसोट्या घालून दिल्या. त्यांचा गाभा असा की, सिद्ध झालेल्या गोष्टींतून आरोपीच्या अपराधाशिवाय दुसरा कोणताही तर्क निघता कामा नये. रहस्यकथेच्या उलगड्यालाही हीच कसोटी लावा. उरलेल्या चारही संशयितांच्या बाबतीत ‘यानेही केलं असू शकतं’ हे दार बंद व्हायला हवं, आणि ते ‘तो त्या वेळी दुसरीकडे होता’ एवढ्यानेच बंद करू नये. त्या माणसाच्या हेतूचं पुढे काय झालं, तेही सांगावं. मुनीमजींची अफरातफर खरी होती ना? मग काकूंनी त्यांचं काय केलं ते लिहा.

हमखास बिघडणाऱ्या जागा

पाचही जणांचा हेतू इस्टेटच असेल तर कथा वाटपाच्या दाव्यासारखी वाचली जाते. पाचांत किमान तीन जातीचे हेतू हवेत: कुणाला काही मिळवायचं, कुणाला काही लपवायचं, कुणाला सूड हवा, कुणाला दुसऱ्या कुणाला तरी वाचवायचं.

हेतू फक्त शेजाऱ्यांच्या कुजबुजीतून येत असेल तर त्याला वजन येत नाही. प्रत्येक हेतूला एक तरी वस्तू द्या: पावती, इसारचिठ्ठी, फेरफाराची नोटीस, बँकेचा मेसेज.

माणसाची जात, समाज किंवा वस्ती यांनाच हेतू करू नका. सावकार अमुक समाजाचाच, गुंड तमुक वस्तीतलाच, हे लिहिणं अन्याय तर आहेच, वर आळशीपणाही आहे. त्याने पात्राच्या डोक्यात काय चाललं होतं हे शोधायचं काम टळतं.

खुन्याचं लांबलचक कबुलीपत्र आलं, की समजा हेतू आधी पेरलेला नव्हता. कबुली चार-पाच वाक्यांत बसली पाहिजे, कारण बाकीचं वाचकाने आधीच वाचलेलं असतं.

कच्चा खर्डा झाला की पहिले सत्तर टक्के छापून, पुढचं न दाखवता, तीन जणांना वाचायला द्या. शक्यतो एक वकील किंवा हिशेबातला माणूस असू द्या. प्रत्येकाला विचारा: पाचांना संशयाच्या क्रमाने लावा आणि प्रत्येकाला एका ओळीत कारण लिहा. तिघांनीही खुन्याला पहिला धरला तर त्याच्या दोन खुणा दुसऱ्याच्या पारड्यात झुकवा. तिघांनीही शेवटचा धरला आणि कारण लिहिलं ‘याला काय पडलंय’, तर त्याला मधेच एकदा संशयात आणणारा प्रसंग कमी पडतो आहे. आणि कुणी ‘तोंडी’ या शब्दाखाली पेनने रेघ मारून परत दिलं, तर तो शब्द तसाच राहू द्या, फक्त त्याच्या पुढची दोन वाक्यं अशी लिहा की नजर तिथे थांबणार नाही.